जोडीचं कार्ड

चेस्टरफील्डमध्ये स्वस्तात फिरायचं असेल तर आधी ग्लेनिसला विचारा, असं तिच्या ओळखीतला कुणीही सांगायचा. सत्तावन्न वर्षांची ही बाई औषधांच्या दुकानात कामाला होती. सोमवारी तिला सुट्टी. तिची मैत्रीण नोरीन केस कापायचं दुकान चालवायची, तेही सोमवारी बंद. चार वर्षांपूर्वी दोघींनी मिळून रेल्वेचं जोडीचं कार्ड काढलं. त्यावर दोघींचे फोटो शेजारी शेजारी. दोघी बरोबर असल्या की भाड्यात तिसरा हिस्सा सूट, एकटीदुकटीला काही नाही.

पण ग्लेनिसचं समाधान नुसत्या सवलतीवर व्हायचं नाही. थेट तिकीट महाग वाटलं की ती त्याचे दोन तुकडे करायची: मधल्या एखाद्या स्टेशनापर्यंत एक आणि तिथून पुढचं दुसरं. गाडी तीच, बसायची जागाही तीच, उतरायचंसुद्धा नाही. अट एवढीच की गाडी त्या मधल्या स्टेशनावर थांबली पाहिजे. रविवारी संध्याकाळी चहाचा मग घेऊन ती वेळापत्रकं उघडायची, आणि चार पौंड वाचले की नोरीनला लगेच फोन. नोरीन म्हणायची, "तू आहेस म्हणून मी दुनिया बघते गं." त्या एका वाक्यावर ग्लेनिसचा आठवडा जायचा.

मार्चमधल्या एका सोमवारी दोघी लिंकनला निघाल्या होत्या. तिकिटं तपासायला गार्ड आला. कार्ड नेहमी नोरीनच्या पर्समध्ये असायचं. तिने ते बोलता बोलता काढून दिलं. गार्डने कार्डाकडे पाहिलं, ग्लेनिसकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"मॅडम, या फोटोतल्या बाई तुम्ही नाही."

नोरीनने झडप घालून कार्ड परत घेतलं आणि कानापर्यंत लाल होत पर्समधून दुसरं काढलं. गार्ड मिशीत हसला. "म्हणजे आजची जोडी ही," म्हणाला आणि पुढे गेला.

तेवढ्यात ग्लेनिसने बघायचं ते बघून घेतलं होतं. रुपेरी आखूड केस, कानात मोती, आणि शेजारी नोरीन. त्यांच्या दोघींच्या कार्डावर नोरीनचा चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा होता. या कार्डावर ती हसत होती.

वर्क्सॉप स्टेशन गेल्यावर नोरीननेच सांगायला सुरुवात केली. बाईचं नाव मेरिएल. हिवाळ्यात बाथहून इकडे राहायला आली, नोरीनची गिऱ्हाईक झाली, स्वभावाने चांगली आहे. गुरुवारी दुकान भाची सांभाळते, म्हणून गुरुवारी जातो कधी कधी. यॉर्कला गेलो. डरहॅमला गेलो.

"डरहॅमला कितीची तिकिटं पडली?" ग्लेनिसने विचारलं.

नोरीनने आकडा सांगितला. ग्लेनिसने मनातल्या मनात हिशेब केला. अठरा पौंड जास्त. घटकाभर तिला फार बरं वाटलं.

"ती सरळ खिडकीवर गेली आणि तिकीट मागितलं," नोरीन म्हणाली. "मलाही हसू आलं. पण ग्लेनिस, आम्ही तिथे बसून जेवलो. दोन तास. तुझ्याबरोबर लिंकनला माझी ही चौथी खेप. दर वेळी मी तिथली टेकडी चढून वर जाते, दम खाते, आणि तू घड्याळ दाखवतेस. दोन चाळीसची गाडी, कारण तीच स्वस्त."

त्या दिवशीही त्या दोन चाळीसच्याच गाडीने परतल्या, कारण तिकिटं त्याच गाडीची होती.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. औषधांच्या पुड्या बांधताना तिला डरहॅमचं ते जेवण दिसायचं. काय मागवलं असेल, कोण कशावरून हसलं असेल, आपला विषय निघाला असेल का? आपल्या चिकटपणाची नक्कल झाली असेल, असं वाटून तिचे कान तापायचे.

आणि मग एका मंगळवारी मेरिएल स्वतःच दुकानात आली. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, ग्लेनिसच्या छातीवरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. नोरीनच्या तोंडी सारखं तुमचंच नाव असतं, म्हणाली. येत्या गुरुवारी स्कारबरोला जायचंय, स्वस्तात कसं जमेल तेवढं सांगाल का? आवाज मऊ, वागणं साधं. तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि ग्लेनिसला नेमकं तेच सहन होईना.

तिने औषधाच्या कागदी पिशवीवर नीट अक्षरात लिहून दिलं: चेस्टरफील्ड ते डॉन्कास्टर एक तिकीट, डॉन्कास्टर ते स्कारबरो दुसरं. यॉर्कला गाडी बदला. खाली गाडीची वेळ लिहिली, नऊ त्रेपन्न.

ती गाडी लीड्सवरून जाते, डॉन्कास्टरच्या वाटेलाही जात नाही, हे ग्लेनिसला पक्कं माहीत होतं. गार्ड दोघींना पकडेल, पुन्हा सगळं भाडं भरायला लावेल, चारचौघांत शोभा होईल. मग एकमेकींना दोष देतील. विचारलंच कुणी, तर वेळ लिहिताना चूक झाली म्हणता येईल.

मंगळवार, बुधवार तिला या विचारानेच तरतरी होती. गुरुवारी सकाळी दुकान उघडल्यावर मात्र हाताने काम होईना. डब्यात सगळ्यांदेखत लाल होणारी नोरीन तिला दिसू लागली. नोरीनला असं कुणी काही बोललं की तिला रडू येतं, हे मेरिएलला कुठे माहीत असणार? साडेनऊला तिने मालकांना दाढ दुखतेय म्हणून सांगितलं आणि कोट चढवून जवळजवळ पळतच स्टेशन गाठलं.

दोघी फलाटावर होत्या. नोरीनच्या गळ्यात नवा स्कार्फ होता.

"ही गाडी घेऊ नका," ग्लेनिस धापा टाकत म्हणाली. "ती डॉन्कास्टरला जात नाही. तुमची तिकिटं चालणार नाहीत. दहा एकवीसची घ्या."

मेरिएलने तिचा हात हातात घेतला. एवढ्यासाठी कुणी काम टाकून धावत येतं का, किती जीव लावता तुम्ही, असं काहीबाही ती बोलत राहिली आणि तिघींसाठी कॉफी आणायला गेली.

नोरीन ग्लेनिसकडे बघत होती.

"चार वर्षांत गाडीची वेळ सांगताना तुझी एकदाही चूक झाली नाही."

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "याही वेळी चूक झाली नव्हती."

नोरीनने स्कार्फ उगाच सारखा केला. नऊ त्रेपन्नची गाडी आली आणि गेली. मग ती म्हणाली, "जा तू. दुकान आहे तुझं." कॉफी यायच्या आत ग्लेनिस निघून गेली.

दोन सोमवार फोन आला नाही. ग्लेनिसने वेळापत्रक उघडलंसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात नोरीनचा दोन शब्दांचा निरोप आला: सोमवारी मोकळी.

त्या क्लीथॉर्प्सला गेल्या. ग्लेनिसने कुठल्याही गाडीने परतता येईल असं तिकीट काढलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. समुद्रासमोरच्या हॉटेलात खिडकीजवळ बसून त्यांनी तळलेला मासा आणि बटाट्याच्या काचऱ्या मागवल्या. नोरीन पाण्याकडे बघत होती.

"त्या दिवशी तू फलाटावर आली नसतीस," ती म्हणाली, "तर मी पुन्हा तुझं तोंड बघितलं नसतं. मेरिएलला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

ग्लेनिसने मान हलवली. माफी मागायची तर आताच, हे तिला कळत होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"स्कारबरोला मजा आली?"

नोरीनने काचऱ्यांवर व्हिनेगर शिंपडलं. खोटं बोलावं का, असा विचार क्षणभर तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"खूप," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहोत. दोन दिवस राहायला."

"छान," ग्लेनिस म्हणाली. तिने माशाचा तुकडा तोडून तोंडात घातला, आणि कितीतरी वेळ तो नुसताच चघळत राहिली.