ओलं गोणपाट

सन २०२४. वैशाख सरत आला होता आणि आमच्या आगाशीच्या वाडीत सोनचाफा रोज टोपलीभर निघत होता.

माझ्या धाकट्या बहिणीची नात रचना तेव्हा माझ्याकडे राहायची. मालवाहू ड्रोनच्या कंपनीत तिला पहिलीच नोकरी लागली होती. आमची फुलं ड्रोनने वसईजवळच्या सांडोरला न्यायची. अशा वीस फेऱ्या विनातक्रार झाल्या की पुढे विमानतळाच्या मालगोदामापर्यंत उडायची परवानगी मागता येणार होती. किनाऱ्यावरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं जातात, म्हणून प्रत्येक फेरीआधी ती फोन करून हवाई नियंत्रणाकडून वेळ मागून घ्यायची.

"आजी, वर पण रस्ते असतात. दिसत नाहीत एवढंच."

"मग हवालदार कोण?"

"सध्या मीच."

सांडोरला व्हिन्सेंट फुलं उतरवून घ्यायचा. त्याचा बाप आणि माझे यजमान शांताराम एकाच एसटीच्या टपावर टोपल्या चढवत. पहिल्या फेरीला त्याचा फोन आला, "बाय, तुझी फुलं पोचली. पासपोर्ट मागतो तर दाखवत नाहीत!"

सतराव्या फेरीला रचनाने खोका तोलला, वजन लिहिलं आणि परवानगीचा फोन करायला कुंपणापाशी गेली. पडवीत रेंज नसे. मी सहज झाकण उघडलं. फुलांखालचं गोणपाट कोरडं ठणठणीत. चाळीस वर्षं मी गोणपाट भिजवल्याशिवाय टोपली रवाना केली नव्हती. शांताराम हात घालून चाचपायचे आणि कोरडं लागलं तर टोपली माझ्याकडे परत सरकवायचे. मी एक तांब्या ओतला. मग दुसरा. रचना धावत आली. मिळालेली वेळ संपत आली होती. तिने खोका अडकवला आणि ड्रोन सोडला.

वाटेत भुईगावच्या आसपास बॅटरी उतरली. अशा वेळी ते यंत्र आपोआप वर चढतं आणि माघारी फिरतं. त्याच वेळी एक हेलिकॉप्टर ढगांमुळे नेहमीपेक्षा खालून चाललं होतं. वैमानिकाला ड्रोन दिसला, त्याने झटकन वळवलं. कुणाला खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सुरक्षा अधिकारी हर्षवर्धन पुण्याहून आला. माघारी आलेला खोका जवळजवळ अकरा किलो भरला होता, रचनाने नऊ लिहिले होते.

"न तोलताच आकडा टाकलास. मान्य कर, मॅटर संपव."

"सर, मी तोललं होतं."

"मग दोन किलो हवेत आले?"

शुक्रवारी निकाल होता. खोटी नोंद ठरली तर नोकरी आणि उड्डाणाचा परवाना दोन्ही जाणार. त्या चार दिवसांत मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, आमटीत दोनदा मीठ घातलं. हेलिकॉप्टरचा आवाज आला की हातातलं टाकून बाहेर धावायची, दिसेनासं होईपर्यंत उभी राहायची. बोलले तर पोरगी माझ्या घरातून जाईल, या भीतीने बोलत नव्हते. रचना समोर बसून भात चिवडायची. "तोललं होतं गं मी," एवढंच म्हणायची.

शुक्रवारी हर्षवर्धनने पडवीत कागद काढले तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"गोणपाट मी भिजवलं."

"किती पाणी होतं, आजी?"

"दोन तांबे."

"तांब्या म्हणजे नक्की किती?"

मी आतून तांब्या आणला. त्याने पाणी भरून दोनदा तोललं आणि आकडा लिहिला.

रचना माझ्याकडे वळली. "चार दिवस, आजी? चार दिवस मी तुझ्यासमोर जेवत होते."

तिच्यावरचा खोटेपणाचा ठपका गेला, खोका नजरेआड ठेवल्याचा राहिला. तीन महिने उड्डाण बंद. त्याच आठवड्यात ती विरारला मैत्रिणीकडे राहायला गेली. आता नाशिकला असते, नव्या मुलांना ड्रोन शिकवते. हर्षवर्धनने खोक्याला सील लावायची आणि ड्रोनला अडकवल्यावर पुन्हा तोलायची पद्धत घालून दिली. वर्षाने तो बंगळूरला गेला. फेऱ्या पुन्हा एकपासून मोजल्या आणि पुऱ्या झाल्या, विमानतळाची परवानगी अजून यायची आहे. व्हिन्सेंटला गेल्या नाताळात अर्धांगाचा झटका आला, त्याची मुलगी रोझमेरी फुलं उतरवून घेते. त्या वैमानिकाचं नाव मला कुणी सांगितलं नाही. खोके आता कंपनीची माणसंच भरतात, मी पडवीतून बघते. रचना दर रविवारी फोन करते, गुडघ्यांची चौकशी करते. राहायला मात्र आलेली नाही.