सैनिक चारची पावलं

"पुन्हा घेऊ. बूट चिखलातून उपटताना ओढ ऐकू आली पाहिजे," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

पावलंताईंनी दोन मापं मोठे असलेले लष्करी बूट परत ओल्या मातीच्या टबात रोवले. पडद्यावर सैनिक चालायचा, इथे त्या चालायच्या. सव्वीस वर्षं त्या सिनेमातल्या माणसांना पावलांचे आवाज पुरवत आल्या होत्या. खरं नाव आता स्टुडिओत कुणाला आठवतही नसे.

"हा डावा पाय जपून टाकतो," त्या म्हणाल्या. "कोण आहे हा?"

"कोणी नाही, ताई. सैनिक चार." दिग्दर्शक तरुण होता, पण उद्धट नव्हता. "नाव नाही, घर नाही, मागची गोष्ट नाही. मुद्दामच. ओळख करून दिली की प्रेक्षक रडतो आणि मोकळा होतो. मला तो खंदकात हवाय, खुर्चीत नको."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गेले नऊ दिवस पावलंताईही त्या खंदकातच होत्या.

मग पडद्यावर सैनिक चारच्या पोटात गोळी लागली. ओलं पोतं आपटून त्यांनी त्याला पाडलं आणि हात पुसायला घेतले. पण कॅमेरा त्याच्यावरून हलेना. सैनिक माती ओरबाडू लागला, तशी त्यांनीही नखं मातीत घातली. शिरस्त्राणाचा पट्टा, दगडावर घासणारी टाच, सगळं त्यांनी पुरवलं. चार मिनिटं.

"एवढा वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

सल्लागार म्हणून बसवलेला म्हातारा निवृत्त सैनिक खाली बघत म्हणाला, "पोटात लागली तर जास्तच, बाई. इथे कमी केलंय."

एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाबद्दल त्याच्या पलटणीकडून पत्र आलं होतं. पोटात गोळी लागून जागच्या जागी, त्रास न होता गेला. त्या एका ओळीवर आईने एवढी वर्षं काढली होती. 'निदान माझं लेकरू तळमळलं नाही,' असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पावलंताई घोटभर पाणी प्यायल्या. "नखं पुन्हा घेऊ," त्या म्हणाल्या. काम अर्धवट टाकणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आईची नजर गेली होती, कान मात्र तिखट.

"तुझा लढाईचा सिनेमा लागला की मला ने," ती म्हणाली. "ऐकेन नुसता. तिथे त्याला कसं वाटलं असेल, ते तरी कळेल."

"नको, आई. नुसता दणदणाट आहे. माणूसच नाही त्यात कोणी."

"माणसाशिवाय कसली गं लढाई?" आईने खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाली, "त्याचा आवाज अजून येतो कानात. चालणं मात्र आठवेनासं झालंय."

पावलंताई उठल्या. चपला काढल्या, दारापर्यंत गेल्या. भाऊ घाईचा माणूस. टाच आधी आपटायची, आणि आईच्या खुर्चीजवळ आला की पाय फरपटत थांबायचा, काहीतरी चुकल्यासारखा. त्या तशा चालत आल्या आणि थांबल्या.

आईने मान वर केली.

"उशीर केलास," ती म्हणाली.

पावलंताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आवाज त्यांचाच आला असता.