हजार गळ

दोर कुठे टाकायचा हे माशांना विचारून ठरवायचं नसतं, असं मी फेलिक्सअंकलना तीनदा सांगितलं होतं. कॉम्प्युटर नकाशावर बिंदू काढतो. तिथेच हजार गळांचा दोर सोडायचा आणि गळाला लागतील ते हॅलिबट मासे मोजायचे. पुरेसे असले तर कंपनी इथे मासेमारी सुरू करणार आणि अंकलना बोटीवर पक्की नोकरी. नाहीतर पुन्हा ब्रॅम्पटनचं वेअरहाऊस. वसईच्या कोळीवाड्यात वाढलेल्या या माणसाने अकरा वर्षं तिथे खोकी उचलली होती. माशांच्या या सर्व्हेची नोंद माझ्याकडे, त्यावर त्यांना मीच चिकटवलं, त्यामुळे दोष द्यायचा तर मलाच.

आधीच्या सगळ्या बिंदूंवर मासे जेमतेमच लागले होते. शेवटच्या बिंदूवर सगळं अडलं होतं, आणि नेमकी त्या सकाळी मला बोट लागली. दुपारी डेकवर आले तर एकतीस हॅलिबट! अंकल खुशीत होते. मी जीपीएस पाहिला. दोर चार मैल पूर्वेला पडला होता.

"अंकल, हे काय?"

"अगं ग्लेन्डा, तिथे काहीच नव्हतं. बर्ड्स सगळे इकडे. कॅप्टन डीनला मीच कन्व्हिन्स केलं. आमच्यात रिकामी बोट बंदराला लावत नाहीत."

"रिकामी लाईनपण रिपोर्टमध्ये जाते. खोटा आकडा दिला तर दोन सीझनमध्ये इथला मासा संपेल."

"आणि माझा जॉब?"

मला त्यांचा संताप आला, मग कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. एकतीस मासे मी बाद केले. अंकल बराच वेळ डेक धूत राहिले. मग स्वतःच डीनकडे जाऊन म्हणाले, "गो बॅक. राइट स्पॉट."

दुसऱ्या दिवशी मूळ बिंदूवरचा दोर वर येऊ लागला. प्रत्येक गळाला काय लागलं ते एकाने ओरडून सांगायचं आणि मी टिपायचं, अशी पद्धत. ओरडायचं काम अंकलनी मागून घेतलं.

"रिकामा. रिकामा. हॅलिबट. रिकामा."

सहाशेच्या पुढे त्यांचा घसा बसला. डीनने दुसरा माणूस देऊ केला, अंकलनी मानेनेच नको म्हटलं. मला रडू येत होतं, तरी मी लिहीत राहिले. तोवर मासे एकूण तीन.

हजारावा गळ वर आला. "रिकामा," ते म्हणाले, आणि माझ्या नोंदीखाली सही कुठे करायची ते विचारलं.