चढावर अडखळणारी टॅक्सी

मित्रांनो, मी एक जुनी टॅक्सी आहे, आणि समोर चढ दिसला की आजही मी बिचकते.

बास्सूने मला घेतलं तेव्हा मी फिकट निळी, चकचकीत होते. मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरात, खालच्या बाजारापासून वरच्या अगुनी गावापर्यंत आमच्या खेपा चालायच्या. आत सहा माणसं, टपावर पुदिन्याच्या जुड्या, कधी एखादी मेंढी. "माझी निळी म्हणजे घार आहे घार!" असं बास्सू चहा पिताना चारचौघांत सांगायचा.

वाळवंटाकडून येणारी धूळ खात वर्षं गेली. एके दिवशी बास्सूने ॲक्सिलरेटर दाबला आणि मी क्षणभर गपकन थांबले, मग हिसका देऊन धावले. हे वाढतच गेलं. हम्मादी मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. गॅरेजात उभी असताना मात्र मी छान घुरघुरायचे.

"काही झालेलं नाही हिला, आळशी झालीय," हम्मादी म्हणाला.

मी तळमळायचे. अरे, मला जोर लावायला सांगून बघा ना! पण मला कुठली वाचा?

मार्चमधल्या एका सकाळी इत्तोमावशी घाईघाईने आत बसली. ती सुईण. अगुनीतल्या तूदाला कळा सुरू झाल्या होत्या, आणि तिची आधीची दोन बाळं जगली नव्हती.

"हाण बास्सू! कणसं न्यायला निघालायस का?"

घाटात पुढे एक ट्रक रेंगाळत होता. त्याला ओलांडायला बास्सूने मला बाजूला काढलं, पाय दाबला आणि नेमकी मी अडखळले. वळणावरून दुसरा ट्रक समोर आला. बास्सूने करकचून ब्रेक दाबून मला पुन्हा पहिल्या ट्रकच्या मागे घेतलं. समोरचा ट्रक माझा आरसा उडवून गेला.

कडेला थांबल्यावर बास्सू ओरडला, "दगा दिलास, म्हातारे!" त्याने स्टिअरिंगवर गुद्दा मारला.

"तिला शिव्या नंतर दे," मावशी म्हणाली. "ठसका कधी लागतो? उभी असताना की जोर लावताना?"

"जोर लावताना."

"मग उभ्या उभ्या काय तपासता रे? बॉनेट उघड. आत बस आणि पाय दाब."

त्याने पाय दाबला. इंजिन एका अंगाला कललं, आणि इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या बाजूला बोटभर चीर फाकली. फुस्स!

"सापडली! जोर आला की ही तोंड उघडते," मावशी ओरडली.

मावशीने पिशवीतली जखमेची चिकटपट्टी काढली आणि नळीला सात वेढे दिले. बास्सूने धुळीने गच्च भरलेला हवेचा फिल्टर काढून दगडावर आपटला.

"आठ महिने मी हिला आळशी म्हणत होतो, मावशी."

"हिची माफी मग माग. चल आधी!"

उरलेल्या चढात मी दोनदा खोकले, पण थांबले नाही. दुपारी तूदाच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. बास्सू माझ्या बॉनेटला टेकून उभा होता. त्याने तळहात माझ्यावर ठेवला.

आता मला नवी नळी आहे. तरी धाकधूक पुरती गेलेली नाही. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी अडखळलं, तर आणखी जोराने पाय दाबू नका. आधी बॉनेट उघडा, आणि आम्ही जोर लावत असतानाच कान देऊन ऐका.