प्रवेशाचा शेवटचा दिवस

बाबांना साक्षीला बोलवायची कल्पना तिची स्वतःचीच होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नव्हती.

विद्यापीठ छोटं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा वर्ग इतका लहान की हजेरी घ्यावीच लागत नसे; कोण आलं नाही ते रिकामं बाक सांगायचं. सगळ्यांत मिळून काळा कोट एकच, तोही कुणा दांडग्या माणसाच्या मापाचा. सराव-खटल्यात ज्याची पाळी, तो कोट घाली आणि बुजगावण्यासारखा दिसे. शिकवणाऱ्या सरांना मुलं 'करवत' म्हणत. फौजदारी कोर्टात उभं आयुष्य घालवलेला माणूस. ओरडायचे नाहीत, सावकाश कापायचे. त्यांची एक पद्धत होती. पदवीआधी प्रत्येकानं घरातलं एक माणूस वर्गात आणायचं. त्या माणसानं आपला कुठलाही एक साधा दिवस सांगायचा, पण खरा. ज्याचं माणूस तो त्याचा वकील, आणि उलटतपासणी घ्यायची दुसऱ्या कुणीतरी.

"पाठ केलेल्या साक्षीत काय दम असतो?" सर म्हणायचे. "खऱ्या माणसाचा खरा दिवस घ्या. कुठेतरी शिवण उसवलेली असतेच."

तिनं घरी हे सांगितलं तेव्हा आईचा हात कामात थांबला.

"यांना कशाला? मामाला ने की."

"मामा एक दिवस सांगायला बसला तर वर्ष संपेल गं!" ती हसली.

आई हसली नाही. बाबा मात्र खूश झाले. लेक वकील होणार या एका गोष्टीवर त्यांची गेली तीन वर्षं चालली होती. हाक मारायचे तीसुद्धा 'वकीलसाहेब' म्हणून. त्यांनी ठेवणीतला शर्ट काढला. स्वतःच्या लग्नाचा दिवस सांगायचं ठरलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही असं तेच म्हणाले.

बाबा लिफ्टचे मिस्त्री. त्यांचे जोडीदार, ज्यांना ती लहानपणापासून काका म्हणायची, तेही त्याच कामातले. सख्खे नव्हते, पण सख्ख्यांनी लाजावं असे. तिला सायकल शिकवली ती काकांनी, आणि गुडघा फुटला तेव्हा बाबांचा ओरडा खाल्ला तोही त्यांनीच. मग एका गुरुवारी कापडाच्या गोदामातली लिफ्ट पडली. मालाची लिफ्ट, माणसांनी बसायचं नव्हतं; पण जिने चढून थकलेली माणसं बसायचीच. दोन बायका गेल्या. कोर्टात बाबांनी सांगितलं, "सोमवारी सकाळी मी स्वतःच्या हातांनी ब्रेक तपासला होता. चांगला होता." त्यानंतर बुधवारी लिफ्टला हात लावला होता तो एकट्या काकांनी. ब्रेक आधीच झिजलेला असणार, मी फक्त दाराची कडी बदलली, असं काका घसा फोडून सांगत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना तुरुंगात जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं अपील उभं राहणार होतं.

काकू समोरच्याच घरात राहायची. हिला बघितलं की तोंड फिरवायची. तिला काकूचा राग यायचा. बाबांनी खरं ते सांगितलं, त्यात त्यांचा काय दोष? अपघातापासून बाबा स्वतः कुठल्याही लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. एवढ्या हळव्या माणसाकडे काकू कसायाकडे बघावं तसं बघते, हे तिला सहन व्हायचं नाही.

त्या दुपारीही ते पाच मजले चढूनच वर आले. साक्षीदाराच्या खुर्चीत बसले, घाम पुसला, आणि समोर कोटात बुडालेल्या लेकीकडे बघितलं. बघतच राहिले. त्यांचा ऊर भरून आला, डोळे पाणावले, आणि ठरलेलं लग्न बाजूला ठेवून जिभेनं भलताच रस्ता धरला.

"मी हिच्या प्रवेशाचा दिवस सांगतो," ते म्हणाले.

तिला बरंच वाटलं. ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. प्रवेशाचा शेवटचा दिवस. दार उघडायच्या आधीपासून बाबा रांगेत. मग दाखला घरी राहिला म्हणून तिची पळापळ, बाबांनी जागा धरून ठेवलेली. ऊन डोक्यावरून मागे गेलं तरी रांग हलेना. संध्याकाळी खिडकी बंद होता होता अर्ज आत सरकवला. बाबा रंगून सांगत होते. भिंतीपलीकडून इमारतीची लिफ्ट घरघरत गेली की तेवढे गप्प व्हायचे, कान द्यायचे, आणि पुन्हा सुरू करायचे. कारकून चष्म्यावरून कसा बघत होता याची त्यांनी नक्कल केली तेव्हा करवत सरसुद्धा हसले.

उलटतपासणी पोपटाकडे होती. पोपट म्हणजे वर्गातला घोकंपट्टीवाला. कलमं झोपेतही म्हणेल, पण समोरचा काय बोलला ते विचारलं तर आकाशाकडे बघेल. सरांनी त्याला दम दिला होता, "आज एकही पाठ केलेला प्रश्न नको. ऐक, आणि ऐकलेल्यातून विचार." बिचारा खरोखरच ऐकत होता.

"साक्षीदार महाशय," पोपट उठला, "मीही त्या दिवशी त्याच रांगेत होतो. फोटो चिकटवायला तुम्हीच मला डिंक दिला होतात."

वर्ग हसला. बाबाही हसले. "असेल, असेल."

"दिवस सोमवार होता."

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "वार कोण लक्षात ठेवतं?"

"मी ठेवतो. आदल्या दिवशी रविवार, सगळी दुकानं बंद, म्हणून तर माझ्याकडे डिंक नव्हता. त्या दिवशी तुम्ही रजा घेतली होती?"

"रजा... आमचे साहेब कुठली देतात रजा?"

"मग कामावर?"

"सकाळी काम उरकून आलो."

पोपटानं मान वाकडी केली. यात कुणाला पकडावं असा त्याचा विचारच नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "पण तुम्ही तर दार उघडायच्या आधीपासून रांगेत होतात. मी आलो तेव्हा तुम्ही पुढे होतात."

प्रवेशाचा तो दिवस तिच्या मनात एका फळीवर ठेवलेला होता. त्याला वार नव्हता, नुसता आनंद होता. बाबांचा सोमवार दुसऱ्या फळीवर, कोर्टाच्या सामानात. तो खटला उभा राहिला तोपर्यंत दीड वर्ष उलटलं होतं, आणि साक्षीच्या दिवशी बाबांनीच तिला दटावलं होतं, तू परीक्षेकडे बघ. दोन फळ्या कधी शेजारी आल्याच नव्हत्या. पोलीस काकांना घेऊन गेले तेव्हा तिच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालायची राहिली होती. म्हणजे तोच आठवडा. तोच सोमवार.

बाबा अंगठ्यानं तर्जनी चोळत होते. मोटरचा आवाज बिघडलेला वाटला की ते असंच करायचे.

"ते तसं... सकाळ म्हणजे..." त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मूल घराच्या दाराकडे बघतं तसं.

करवत सरांचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांना काका माहीत नव्हते, गोदाम माहीत नव्हतं; पण साक्षीदाराचा चेहरा ते आयुष्यभर वाचत आले होते. ते तिच्याकडे वळले.

"वकीलसाहेब, तुमची काही हरकत?"

हरकत घेता येत होती. प्रश्नाचा मूळ मुद्द्याशी संबंध नाही, एवढं म्हटलं की झालं. सरांनी ती मान्य केली असती, पोपट खाली बसला असता, टाळ्या पडल्या असत्या. बाबा तिचा हात धरून पाच मजले उतरले असते, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. बाबांनी तो दिवस तिच्यासाठी रांगेत घालवला होता. दुसऱ्या कुणासाठी नव्हे. हे आठवून तिला रडूच आलं.

मग तिला काकू दिसली, तोंड फिरवताना. हे काकूला ठाऊक होतं? आणि आईला?

ती उठली.

"हरकत नाही, सर." तिनं कोट काढला आणि टेबलावर ठेवला. "पण मी या साक्षीदाराची वकील राहू शकत नाही. तुम्हीच शिकवलंय, जो साक्षीदार असेल त्यानं त्या खटल्यात वकील म्हणून उभं राहू नये. त्या सोमवारी मी यांच्याबरोबर होते. सकाळपासून."

"अगं, हा सराव आहे," बाबा म्हणाले. "हो ना, सर? खेळच आहे. चल बाळा, घरी जाऊ."

"काका कुणाबरोबर घरी येणार, बाबा?"

पोपट उभाच होता. आपण काय केलं हे त्याला अजूनही उमगलं नव्हतं. भिंतीपलीकडून लिफ्ट वर चढत आली, थांबली, आणि तिचं दार उघडल्याचा आवाज झाला. बाबा खुर्चीतून उठले आणि बाजूला झाले. जायचं होतं म्हणून उठले की जागा द्यायला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

ती त्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती.

करवत सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "इथून पुढे हा सराव नाही, हे कळतंय ना तुला?"

तिनं मान हलवली.

"मग पूर्ण नाव सांग," ते हळू आवाजात म्हणाले.

तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग, थोडं थांबून, बाबांचं.