कपभर उरलेला चहा

मी थर्मास बोलतोय. निळा, उभट, झाकणाचाच कप असलेला. आमच्या घरात सगळे कुजबुजायचे, त्यामुळे मीही जन्मभर कुजबुजतच आलो. पण आज मोठ्यानं बोलणार! त्या दिवशी बागेत जे घडलं ना, ते सांगताना माझा आवाज खाली राहतच नाही, काय करू?

आधी ओळख करून देतो. कारखान्यात माझ्या पोटात काचेच्या दोन भिंती बसवल्या आणि त्यांच्यामधली हवासुद्धा काढून घेतली. मध्ये काही म्हणजे काहीच नाही. शेजारच्या फळीवरचे स्टीलचे डबे हसायचे, "अरे, हा तर आतून पोकळ!" म्हटलं, हसा. त्या पोकळीमुळेच माझ्यातला चहा गरम राहतो, हे डब्यांना कोण सांगणार?

दुकानातून मला एका ताईंनी उचललं, धाकट्या भावाच्या लग्नात द्यायला. आहेर उघडल्यावर एक काका म्हणाले, "लग्नात थर्मास? नवरानवरी आजारी आहेत की काय?" सगळे खो खो हसले. ताई म्हणाल्या, "बघाल तुम्ही. सगळ्यात जास्त हाच वापरला जाईल."

ताईंचं म्हणणं शब्दशः खरं झालं. त्यांचा भाऊ बसड्रायव्हर, कायमची दिवसपाळी. वहिनी इस्पितळात नर्स, कायमची रात्रपाळी. सकाळी ती घरात शिरायची तेव्हा हा बाहेर पडायच्या घाईत असायचा, आणि संध्याकाळी उलट. दाराशीच मी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचो. मी दिवसा बसमध्ये, रात्री वॉर्डात. घरातला खरा डबल ड्यूटीवाला मीच!

दाराशी बोलणं किती? "भाजी झाकून ठेवलीय." "दूधवाल्याला सांगितलंय." तेही कुजबुजत, कारण मुलगी लहान असताना ती झोपलेली असायची, आणि पुढे दोघांपैकी एकाची झोपायची वेळ झालेली असायचीच. कुजबुजणं घरात असं मुरलं की लेक शाळेत जाऊ लागली तेव्हा बाई तिला रोज म्हणायच्या, "अगं, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस!"

पण एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. माझ्यात कपभर चहा उरवायचाच. तिनं रात्रभरात कितीही प्याला तरी शेवटचा कप त्याचा. त्यानं दिवसभरात कितीही प्याला तरी शेवटचा कप तिचा. ती झोपायला गेली की तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या प्यायचा, तो आंघोळीला गेला की ती प्यायची. मग मला विसळायचं आणि आपला ताजा चहा भरायचा. ना चिठ्ठी, ना फोन. त्या कपात सगळं आलं.

आणि त्या चहात आलं! अहो, किती आलं! नाकातून पाणी यावं इतकं. तो भरायचा तेव्हाही आलं, ती भरायची तेव्हाही आलं. गंमत अशी की डेपोत कंडक्टरनं साधा चहा पुढे केला की हा डोळे मिटून म्हणायचा, "अहाहा! बिनआल्याचा!" आणि वॉर्डात ही माझ्यातला चहा आयाबाईला पाजून स्वतः मात्र तिच्या किटलीतला साधा प्यायची. मी सगळं बघत होतो. पण थर्मासाला तोंड असून बोलता येतं थोडंच!

मग ती बातमी आली. मुलांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला दिवसपाळीची नोकरी देऊ केली. मला वाटलं, ही उडीच मारेल. पण ती माझ्यात चहा ओतत फोनवर नणंदेला हळूच म्हणाली, "ताई, भीती वाटते हो. आमचं इतकी वर्षं गोड चाललंय ते भेटत नाही म्हणून. रोज समोरासमोर आलो आणि पटलंच नाही तर?"

 मला माझ्या दोन भिंती आठवल्या. मध्ये अंतर आहे म्हणून ऊब टिकते, हे मलाही ठाऊक होतं. आणि खरं सांगू? स्वतःचीही काळजी वाटली. दोघं एकत्र घरी राहिले तर चहा गॅसवरून थेट कपात. मग मला कोण विचारतो?

ताईंनी काय सांगितलं कोण जाणे. पण त्यानं रजा टाकली, तिनंही टाकली. तो म्हणाला, "एक दिवस बागेत काढू. रंगीत तालीम समज. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना काय ते सांगून टाक."

आणि मी निघालो! दोघांबरोबर! एकाच वेळी! पिशवीचा एक बंद त्याच्या हातात, एक तिच्या हातात, मध्ये मी डुलतोय. ऊन काय, झाडं काय, तळ्यात बदकं काय! एवढे दिवस मी नुसती स्टिअरिंगची बाजू आणि औषधांची ट्रॉलीच पाहिली होती हो!

पण चालायला लागल्यावर घोडं तिथेच पेंड खायला लागलं. तिची चाल वॉर्डातली, भराभर आणि पाय न वाजवता. हा प्रत्येक बाकड्याशी थांबून मागे वळून बघणार.

"कुणाची वाट बघताय?" तिनं विचारलं.

"कुणाची नाही. सवय आहे. माणसं चढली की नाही बघायची."

"इथे कोण चढतंय? चला!"

पुढे ती गवतावरून निघाली, तर हा फरसबंद वाटेवरच खांबासारखा उभा. "वाट सोडून जायचं नाही." "अहो, बस आहात का तुम्ही?" शेवटी ती त्याच्या वाटेनं आली. आणि तिथेच चुकलो! अख्खं शहर ज्याला तोंडपाठ, तो माणूस एका बागेत हरवला. बांबूच्या बेटाला आम्ही पुन्हा पुन्हा वळसा घालतोय. माळी समोर उभा, पण हा काही विचारेना.

"विचारा ना त्यांना."

"मला कळतं."

"मघापासून कळतंय ते!"

हे सगळं कुजबुजत बरं का. भांडणसुद्धा कुजबुजत! तिचा चेहरा उतरला. "बघा, हे असं रोज होईल," ती म्हणाली.  पिशवीचा एक बंद त्यानं सोडून दिला आणि मी तिच्या एकटीच्या हाताला लोंबकळत राहिलो. माझ्यातला चहा गरम होता, पण मला मेली हुडहुडी भरली.

तळ्याकाठी एक बाकडं दिसलं. दोघं दोन टोकांना बसले. मध्ये मी.

तिनं झाकण काढलं, चहा ओतला आणि कप त्याच्यापुढे धरला. एकच कप ना माझा! दुसऱ्याची गरज कधी पडलीच नव्हती. त्यानं एक घोट घेतला आणि सवयीनं म्हणाला, "वा!"

ती त्याच्याकडे रोखून बघत होती. "तुमचं तोंड असं का झालं?"

"कसं?"

"कडू औषध घेतल्यावर पेशंटचं होतं तसं. माझा जन्म गेलाय असली तोंडं बघण्यात."

"काहीतरीच. तू पी बरं." त्यानं कप तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला आणि तो ओरडलाच, "हे बघ! नाक मुरडलंस!"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. इतका चहा प्यायले हे एकमेकांच्या हातचा, पण पिताना एकमेकांचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं!

"मला नाही आवडत आलं," ती म्हणाली.

"मला तरी कुठे आवडतं?"

"मग घालता कशाला एवढं?"

"तुला आवडतं म्हणून! नव्यानव्यात तूच घातलं होतंस."

"अहो, तुमचा घसा बसला होता तेव्हा! तुम्ही वा वा केलंत, मला वाटलं तुम्हाला आवडलं!"

"तू केलंस तर वा वा नको करू?"

मी आतल्या आत उड्या मारत होतो. फुटलं एकदाचं! पण ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "एवढंसुद्धा कळलं नाही आपल्याला," ती म्हणाली. "एका चहातलं."

मेलो, म्हटलं मी. गेली ती नोकरी.

तो कपाकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो हसला. असा हसला, असा गडगडून हसला की काठावरची बदकं फडफडत पाण्यात पळाली.

"श्श्! हळू!" ती दचकून म्हणाली.

"का? कोण झोपलंय इथे?"

तिनं खरंच इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पोरं पळत होती, म्हातारे फिरत होते, माळी पाण्याचा पाइप ओढून नेत होता. "कुणीच नाही," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "कुणीच नाही हो!" आणि तिलाही हसू फुटलं. काय खणखणीत आवाज होता तिचा! त्यानं तो पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण तो हसायचा थांबून नुसता बघत राहिला.

ती डोळे पुसत म्हणाली, "अजून काय काय माहीत नसेल हो मला तुमचं?"

"मी गातो."

"चला, काहीतरीच!"

"खरंच. रिकामी बस डेपोत नेताना रोज. घरी कसा गाणार, कुणी ना कुणी झोपलेलं." आणि गडी तिथेच सुरू झाला! सुराचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. मला सवय होती, ती बिचारी कान झाकून घेत होती. "भयंकर गाता हो तुम्ही!" असं म्हणताना तिचा चेहरा नुसता फुलला होता. बाकड्याच्या टोकावरून ती सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. मग तिनं मला उचलून मांडीवर घेतलं आणि माझी जागा रिकामी केली. तो त्या जागेवर आला.

आल्याचा चहा त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ओतला. तिनं पिशवीतून फोन काढला. डॉक्टरीणबाईंशी बोलताना आवाज जराही खाली गेला नाही तिचा. "हो, मॅडम. येते मी. दिवसपाळीला." माझा जीव भांड्यात पडला. परतताना त्यानं आपणहून माळ्याला वाट विचारली आणि दोघं गवतावरून गेले.

आता मी रोज फडताळात असतो. सकाळचा चहा गॅसवरून थेट कपात जातो, जसं मला वाटलं होतं तसंच. थोडं रुसायला होतं, नाही म्हणत नाही. पण सुट्टीच्या दिवशी दार उघडतं, दोन हात एकदमच आत येतात, आणि आम्ही बागेत जातो. आलं बंद. आणि माझ्या झाकणाच्या जोडीला त्यांनी एक दुसरा कप आणलाय, अगदी माझ्यासारखा निळा.

तुमच्याकडेही एखादा थर्मास असेल. असला तर माझं एवढं ऐका. चहा भरून देता ते छानच, पण कधीतरी समोर बसून प्या आणि पिणाऱ्याचं तोंड बघा.

बरं, निघतो मी. आज सुट्टी आहे, आणि बाहेर जोरजोरात वाद चाललेत. ऐकू आले का? मागच्या वेळचा शेवटचा कप कुणी संपवला यावरून भांडतायत दोघं. आता तो कुणी कुणासाठी ठेवत नाही.