इवायाचा पाहुणचार

जठारपेठेत राहणाऱ्या नत्थुजींचा हात भारी सढळ. घरी आलेला माणूस काहीतरी घेऊन गेला नाही, तर त्यांना चुकल्यासारखं वाटायचं.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट असेल. गिरणीत फिटर असलेले नत्थुजी घशानं आजारी पडले. अंगात ताप, थुंकी गिळवेना. प्रमोदिनी डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून घसा पाहिला, आधी कधी औषधानं अंगावर काही उठलं होतं का, ते खोदून विचारलं आणि पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या. "बरं वाटलं तरी थांबायचं नाही. सगळ्या संपवायच्या," असंही बजावलं.

ताप उतरला तशी नत्थुजींनी बाटली फडताळात ठेवून दिली.

"गोळी घेतली का?" केशरबाईंनी विचारलं.

"घसा साफ झाला न वं. आता कोन्या दुखन्यासाठी गिळू?"

अशातच नांदगाव खंडेश्वरहून त्यांचे व्याही पुंजाजी आले. शालूचे, म्हणजे लेकीचे, सासरे. आधीच मानाचे, त्यातून खोकत आलेले. केशरबाईंनी आल्याचा काढा चुलीवर ठेवला. नत्थुजींना तो पाहुणचार फारच फिका वाटला.

"काढा कायले, इवाईबुवा? माह्याजवळ डॉक्टरची दवाई हाये. हे गोळी घ्या, पाहा कसा खोकला पळते!"

"पन तुमाले नाई लागत का?"

"तुमच्याहून जास्त हाये का?"

इतक्या प्रेमानं दिलेलं नाकारायचं कसं? पुंजाजींनी गोळी गिळली.

काढा खाली उतरायच्या आत पुंजाजी पाठ खाजवू लागले. मग दंडावर गांधी उठल्या, ओठ भज्यासारखे फुगले.

"नत्थुजी, मले सास घेता येऊन नाई राह्यला!"

नत्थुजी पाण्याचा तांब्या शोधू लागले. केशरबाईंनीच धावत जाऊन रिक्षा थांबवली.

डॉक्टरीणबाईंनी लगोलग इंजेक्शनं दिली. पुंजाजींचा श्वास मोकळा होईपर्यंत त्या उशाशीच थांबल्या. मग बाई वळल्या.

"गोळी कुणी दिली?"

"म्या दिली, बाई. पाहुने होते..."

"पाहुण्याला चिवडा द्यावा, पेनिसिलिन नाही! तुम्हाला मानवलं ते यांच्या जिवावर बेतलं असतं. आणि यांचा खोकला साध्या सर्दीचा दिसतो. त्याला या गोळीचा उपयोगच नव्हता." बाई थबकल्या. "तुमचा आवाज का बसलाय? आ करा."

घसा पुन्हा लालभडक झाला होता.

"गोळ्या मधेच सोडल्या ना?"

"सोडल्या नाई जी," केशरबाई म्हणाल्या, "इवायासाठी राखून ठेवल्या होत्या."

फुगलेल्या ओठांनी पुंजाजींना धड हसताही येईना.

नत्थुजींना पुन्हा गोळ्या घ्याव्या लागल्या. केशरबाई गोळी पोटात जाईपर्यंत समोरून हलत नसत. पुंजाजींचं तोंड ठिकाणावर येईस्तोवर त्यांनाही घरीच ठेवून घेतलं.

"शालूले सांगू नका," निघताना नत्थुजी ओशाळून म्हणाले.

"नाई सांगत. पन मले आता काईबी द्याच्या आधी इचार करत जा."

पेनिसिलिन चालत नाही, हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा, असं बाईंनी पुंजाजींना बजावलं होतं. पुंजाजींनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढं गावातल्या एका लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याचा हात धरून त्यांनी विचारलं, "पेनिसिलिन तं नाई न बाप्पा याच्यात?"